सांगोले की सांगोला? एका विधानसभा मतदारसंघाचा ताळेबंद

विधानसभा मतदारसंघाचा इतिहास म्हणून बहुतेक ठिकाणी तीन रकान्यांची यादी मिळते: साल, आमदाराचे नाव, पक्ष. अशी यादी अर्ध्या दिवसात तयार होते. ती चुकायलाही तेवढाच वेळ लागतो. एकदा चुकली की तीच गावोगावच्या स्मरणिकांत, फलकांवर आणि निवडणुकीच्या तोंडावर निघणाऱ्या विशेषांकांत वर्षानुवर्षे उतरत राहते.

उदाहरणाला सोलापूर जिल्ह्यातला सांगोला घेऊ. इथली यादी सर्वांत सोपी वाटते. शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), गणपतराव देशमुख, अकरा वेळा आमदार, की झाले काम! पण यादी करताना जेवढ्या म्हणून चुका होतात, त्या जवळजवळ सगळ्या या एका मतदारसंघात दाखवता येतात.

सुरुवात नावापासून. बोलताना सगळे ‘सांगोला’ म्हणतात. मतदारसंघ पुनर्रचनेच्या आदेशात आणि निवडणूक आयोगाच्या निकालपत्रांत मात्र ‘सांगोले’ आहे. संगणकावर शोधताना एकच रूप टाकले तर अर्धी कागदपत्रे हातून निसटतात. उमेदवारांच्या नावांचेही तसेच. जुन्या अहवालांत आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव, तेही इंग्रजी स्पेलिंग दरवेळी नवे. एकच माणूस तीन निवडणुकांत तीन वेगळ्या माणसांसारखा दिसू शकतो. उलटही होते. आजोबा-नातू किंवा काका-पुतणे एकाच आडनावाखाली एक होऊन जातात. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक उमेदवाराचे पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट लिहावे आणि अहवालात जसे छापले आहे तसे शेजारच्या रकान्यात ठेवावे. कंटाळवाणे काम आहे, पण पुढचे सगळे यावर उभे राहते.

दुसरी गोष्ट सालांची. ‘दर पाच वर्षांनी निवडणूक’ असे धरून चालले की गाडी १९७२ पर्यंत नीट जाते आणि तिथे रुळावरून घसरते. आणीबाणीच्या काळात विधानसभेची मुदत वाढली, त्यामुळे महाराष्ट्रात १९७७ ला विधानसभेची निवडणूक झालीच नाही, ती १९७८ च्या फेब्रुवारीत झाली. त्या सभागृहाला पाच वर्षे मिळाली नाहीत. १९८० च्या फेब्रुवारीत शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट आली आणि उन्हाळ्यात पुन्हा मतदान झाले. पुढे १९८५, १९९०, १९९५ सरळ आहेत. १९९९ ला लोकसभेबरोबर सहा महिने आधीच निवडणूक उरकली, म्हणून तिथे चारच वर्षांचे अंतर दिसते. तेव्हापासून २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४. ही साले पाठ असली की कुणी ‘१९७७ साली आमदार झाले’ असे लिहिले तर लगेच कान टवकारतात.

१९६२ च्या मागे जायचे असेल तर आधी गाव कोणत्या राज्यात होते ते पाहावे. सोलापूर जिल्हा मुंबई राज्यात होता, तेव्हा १९५१-५२ चा निकाल मुंबई राज्याच्या ३१५ जागांच्या विधानसभेत शोधायचा. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद इकडचा मतदारसंघ असेल तर तो निकाल हैदराबाद राज्याच्या अहवालात आणि विदर्भातला असेल तर मध्य प्रदेशाच्या अहवालात. १९५७ ला हे सगळे द्वैभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले आणि सभागृह ३९६ जागांचे झाले. १ मे १९६० ला त्यातल्या २६४ जागा महाराष्ट्राकडे आणि १३२ गुजरातकडे गेल्या. आमदार तेच राहिले, राज्य बदलले. महाराष्ट्राच्या विधानसभांचे क्रमांक याच १९६० च्या सभागृहापासून मोजले जातात. म्हणजे १९६२ ला निवडून आलेली विधानसभा दुसरी आणि २०२४ ची पंधरावी. ‘पहिल्या विधानसभेचे सदस्य’ हा शब्दप्रयोग दिसला की लिहिणाऱ्याच्या मनात १९५२ आहे, १९६० आहे की १९६२, हे तपासल्याशिवाय उतरवू नये.

याच काळातला आणखी एक सापळा म्हणजे द्विसदस्य मतदारसंघ. १९५१-५२ आणि १९५७ ला काही मतदारसंघांतून दोन आमदार एकदम निवडून येत, त्यातली एक जागा राखीव असे. १९६१ च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली. जुन्या यादीत एका सालापुढे दोन नावे दिसली की लोक ‘मध्ये पोटनिवडणूक झाली असणार’ असा तर्क करतात आणि पहिल्या आमदाराला हकनाक मारून टाकतात. दोन्ही नावे एकाच निकालपत्रात आहेत का, एवढे पाहिले तरी पुरते.

आता सांगोल्याची यादी. १९६२ आणि १९६७ ला गणपतराव देशमुख, शेकाप. १९७२ ला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील. त्यांच्या निधनानंतर १९७४ ला पोटनिवडणूक होऊन पुन्हा गणपतराव. मग १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० सलग. १९९५ ला काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. १९९९, २००४, २००९, २०१४ पुन्हा गणपतराव. २०१९ ला शहाजीबापू, या वेळी शिवसेनेकडून. २०२४ ला गणपतरावांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकाप.

यातला १९७४ चा मणी सर्वांत जास्त वेळा गळतो, आणि त्याचे कारण साधे आहे. आयोगाचा सांख्यिकी अहवाल सार्वत्रिक निवडणुकीचा असतो, पोटनिवडणूक त्यात येत नाही. केवळ अहवाल एकापुढे एक लावून मोजले तर गणपतरावांचे विजय दहाच भरतात. अकरावा १९७४ चा. आमदाराचे निधन, राजीनामा, अपात्रता, लोकसभेवर निवड, न्यायालयाने निवडणूक रद्द करणे, यांपैकी काहीही मुदतीच्या मध्ये घडले असेल तर पोटनिवडणूक शोधावी लागते, तीही वेगळ्या दप्तरात. सांगोल्याशेजारचेच ताजे उदाहरण पंढरपूरचे. २०१९ ला भारत भालके निवडून आले, नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले आणि २ मे २०२१ च्या निकालात भाजपचे समाधान आवताडे ३,७३३ मतांनी आले. नुसते २०१९ आणि २०२४ चे अहवाल पाहणाऱ्याला ही पोटनिवडणूक दिसतच नाही.

गळतीच्या उलट भेसळ. मराठीत विधानसभेचा सदस्य आमदार आणि विधान परिषदेचा सदस्यही आमदारच. सांगोल्याचे दीपक साळुंखे यांच्या नावामागे वर्तमानपत्रे ‘माजी आमदार’ लावतात, ते बरोबरच आहे, पण ते विधान परिषदेचे. नुसत्या बातम्यांवरून यादी करणारा त्यांना कुठल्यातरी दोन सालांच्या फटीत बसवून मोकळा होतो. प्रत्येक ‘माजी आमदार’ कोणत्या सभागृहाचा, हा प्रश्न आधी विचारायचा.

विक्रमांच्या बाबतीत तर काही विचारू नका. ‘एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातला विक्रम’ हे वाक्य गणपतरावांच्या नावाने इतके छापले गेले आहे की ते तपासावे असे कुणाला वाटत नाही. केरळमधल्या पाला मतदारसंघातून के. एम. माणी १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले, एकदाही पराभव नाही. पुदुप्पळ्ळीतून ओमन चंडी १९७० पासून २०२१ पर्यंत बारा वेळा. करुणानिधी तेरा वेळा जिंकले, पण मतदारसंघ बदलत बदलत. माणींच्या बाबतीत खोच अशी की १९६५ ची केरळ विधानसभा एकदाही भरली नाही. निवडणुका मोजल्या तर तेरा, सभागृहे मोजली तर बारा. तरीही अकरापेक्षा जास्तच. गणपतरावांचे अकरा विजय, तेही सत्तेबाहेरच्या छोट्या पक्षातून आणि दुष्काळी तालुक्यातून, हे स्वतःच्या पायावर उभे राहणारे मोठेपण आहे. त्याला खोट्या विक्रमाची काठी कशाला?

‘इतकी वर्षे आमदार’ हा आकडाही असाच सैल फिरतो. बेरीज करून पाहावी. १९६२ ते १९७२ दहा वर्षे, १९७४ ते १९९५ साधारण एकवीस, १९९९ ते २०१९ वीस. एकूण एक्कावन्नच्या आसपास, त्यातून १९८० मध्ये सभागृह विसर्जित होते ते काही महिने वजा. पहिल्या निवडीपासून शेवटच्या मुदतीपर्यंतचा काळ मात्र सत्तावन्न वर्षांचा. दोन्ही आकडे खरे, फक्त कोणता कशाचा ते लिहायला हवे.

आता मतांचे आकडे. सांगोल्यात ते फार बोलके आहेत, म्हणून थोडे थांबू. १९९५ ला शहाजीबापू गणपतरावांविरुद्ध १९२ मतांनी जिंकले. २०१९ ला त्यांनी गणपतरावांचे नातू अनिकेत देशमुख यांना ७६८ मतांनी हरवले: ९९,४६४ विरुद्ध ९८,६९६. (७६८ म्हणजे १९२ ची बरोबर चौपट. यात अर्थ काही नाही, पण एकदा दिसले की विसरता येत नाही.) मताधिक्य वाचताना ते निम्मे करून वाचावे. एका मतदाराने बाजू बदलली की फरक दोनाने हलतो. १९२ चा निकाल फिरवायला ९७ माणसे पुरली असती आणि ७६८ चा फिरवायला ३८५. मतदारसंघात तीनशे मतदान केंद्रे धरली तर ७६८ म्हणजे केंद्रामागे अडीच मते. असा निकाल ‘लाटे’ने किंवा ‘परिवर्तना’ने समजावणारा लेख बाजूला ठेवून द्यावा. एखाद्या वाडीवरची भावकी, मतदानाच्या दिवशी वेळेवर न आलेली जीप, पुण्या-मुंबईहून मतदानाला न आलेली पोरे, यांपैकी काहीही एकटे तेवढे करू शकते.

मात्र १९९५ आणि २०१९ चे हे दोन चुरशीचे निकाल एकाच मापाने मोजू नयेत. १९९५ ला कागदी मतपत्रिका होत्या. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला, कागदावर अंगठा उमटला, दोन शिक्के बसले, की मत बाद. प्रत्येक मतदारसंघात अशी बाद मते निघायचीच, आणि १९२ चा फरक असेल तर निकालपत्रातला बाद मतांचा आकडा मताधिक्याइतकाच पाहण्यासारखा असतो. महाराष्ट्रात २००४ पासून सगळीकडे यंत्रे आली आणि हा रकाना जवळपास रिकामा झाला. बाद होण्याचा प्रकार उरला तो टपाली मतपत्रिकांपुरता. २०१३ पासून ‘नोटा’ आले, म्हणजे आणखी एक रकाना. टक्केवारी काढताना छेदात काय घेतले यावर सगळे अवलंबून असते. एकूण झालेले मतदान घ्या, वैध मते घ्या किंवा नोटा वगळून उमेदवारांची मते घ्या, पण एक निवडा आणि १९६२ पासून २०२४ पर्यंत तोच ठेवा. वैध मतांचा छेद सगळ्या काळात मिळतो, म्हणून तो बरा.

पुढची जोडी आणखी मजेची. २०१४ ला गणपतराव ९४,३७४ मते घेऊन शहाजीबापूंपेक्षा २५,२२४ ने पुढे होते. २०२४ ला बाबासाहेब देशमुखांना १,१६,२५६ आणि शहाजीबापूंना ९०,८७०, फरक २५,३८६. आजोबांचे शेवटचे मताधिक्य आणि नातवाचे पहिले यांत फक्त १६२ मतांचा फरक. ‘बालेकिल्ला जसाच्या तसा परत मिळवला’ असे लिहायचा मोह होतो, आणि तिथेच घसरगुंडी आहे. २०२४ ला लढत तिरंगी होती. शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाकडून दीपक साळुंखे उभे होते आणि त्यांनी पन्नास हजारांच्या आसपास मते घेतली. ती मते कुणाच्या ताटातून गेली, हे मताधिक्याच्या आकड्यात कधीच दिसत नाही. ते कळायला केंद्रनिहाय निकाल लागतो.

पक्षाच्या रकान्यात नुसते ‘काँग्रेस’ किंवा ‘शिवसेना’ लिहिणे हीसुद्धा चूकच. १९७८ ला महाराष्ट्रात दोन काँग्रेस समोरासमोर होत्या. रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. १९८० ला इंदिरा काँग्रेस आणि अर्स काँग्रेस, १९८५ ला समाजवादी काँग्रेस वेगळी. २०१९ ची शिवसेना एक होती. शहाजीबापू २०२२ ला एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले, गुवाहाटीहून ‘काय झाडी, काय डोंगर’ घराघरांत पोहोचले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. म्हणजे २०१९ आणि २०२४ च्या निकालपत्रांत त्यांच्यापुढे ‘शिवसेना’ हाच शब्द आहे, पण पक्ष तोच म्हणता येत नाही. निवडून येतानाचा पक्ष आणि मुदत संपतानाचा पक्ष असे दोन रकाने करावेत. हल्लीच्या महाराष्ट्रात दुसरा रकाना रिकामा राहणे ही चैन आहे.

शेकापच्या बाबतीत उलट अडचण. नाव तेच, पण पक्षाचे आकारमान पार बदललेले. १९५७ ला ३१ आमदार, १९६२ ला १५, १९६७ ला १९, १९७२ ला ७, १९७८ ला १३, १९९० ला ८, १९९९ ला ५, २०१४ ला ३ आणि २०२४ ला १, तो एक सांगोल्याचाच. गणपतराव १९६२ ला विधानसभेत गेले तेव्हा शेकाप राज्यातला दखलपात्र विरोधी पक्ष होता, रायगडपासून मराठवाड्यापर्यंत पसरलेला. शेवटी शेवटी सांगोल्यात पक्ष म्हणजे ते स्वतः, त्यांची सूतगिरणी, गावागावांतले जुने कार्यकर्ते आणि टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या पाण्याची मागणी. माण नदीच्या कोरड्या पात्राभोवतीचा, पर्जन्यछायेतला हा तालुका. ज्वारी, मेंढरे आणि अलीकडे डाळिंब. पाणी कधी येणार हा प्रश्न इथे प्रत्येक निवडणुकीत होता आणि त्यावर साठ वर्षे एकच माणूस बोलत राहिला. १९७८ आणि १९९९ ला ते मंत्रीही झाले, पण सांगोल्यात त्यांची ओळख एसटीने फिरणारा आमदार हीच राहिली. ३० जुलै २०२१ ला ते गेले. ‘शेकापचा बालेकिल्ला’ असे एका दमात लिहिण्याआधी कोणत्या वर्षीचा शेकाप, हे स्वतःला विचारावे.

सर्वांत शेवटी जमीन, जी खरे तर सर्वांत आधी यायला हवी. मतदारसंघाचे नाव टिकते, पण त्याखालची गावे बदलतात. राज्यातल्या जागा १९६२ ला २६४, १९६७ ला २७०, १९७८ पासून २८८. पुनर्रचनेचे आदेश १९६१, १९६६, १९७६ आणि २००८ चे. जागा वाढल्या नाहीत तरी सीमा हलतात. १९७८ आणि २००९ दोन्हीकडे २८८, पण नकाशा वेगळा. २००८ च्या आदेशाने सांगोले हा २५३ क्रमांकाचा मतदारसंघ झाला. त्यात संपूर्ण सांगोले तालुका आणि पंढरपूर तालुक्यातले भाळवणी महसूल मंडळ. लोकसभेसाठी आधी पंढरपूर होते, २००९ पासून माढा. त्याच आदेशाने शेजारचा मंगळवेढा राखीव मतदारसंघ नाहीसा होऊन पंढरपुरात मिसळला आणि माळशिरस, मोहोळ राखीव झाले. राज्यभरात अनुसूचित जातींच्या जागा १८ वरून २९ झाल्या. कुणी अचानक शेजारच्या मतदारसंघात का गेले, याचे उत्तर पुष्कळदा या एका आदेशात सापडते, पक्षांतर्गत राजकारणात नव्हे.

म्हणून २००४ आणि २००९ ची मते थेट एकमेकांशेजारी ठेवू नयेत. दोन्ही आदेशांची परिशिष्टे उघडावीत. त्यांत तालुका, महसूल मंडळ, कधी सजा (तलाठ्याच्या ताब्यातली गावे) आणि कधी थेट गाव अशा उतरत्या क्रमाने हद्द दिलेली असते. समान असलेली गावे काढावीत आणि तुलना तेवढ्यांचीच करावी. यासाठी नमुना २० लागतो, म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचे अंतिम निकालपत्रक. त्यात एका ओळीला एक मतदान केंद्र, पुढे प्रत्येक उमेदवाराची मते, एकूण वैध मते, बाद, नोटा आणि खाली टपाली मतांची वेगळी ओळ. कागदी मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका मोजणीआधी मिसळण्याची तरतूद होती, तेव्हा जुन्या निवडणुकांचा गावनिहाय हिशेब मिळेलच असे धरून बसू नये.

नमुना २० मध्ये गावाचे नाव नसते, फक्त केंद्राचा क्रमांक असतो. आणि क्रमांक दर निवडणुकीला हलतात. एका केंद्रावर मतदार ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले (२०२४ ला ती दीड हजार होती) की केंद्र फुटते आणि पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात. २०१९ चे ५७ नंबरचे केंद्र आणि २०२४ चे ५७ नंबरचे केंद्र ही दोन वेगळी गावे असू शकतात. त्यासाठी त्या त्या निवडणुकीची मतदान केंद्रांची यादी वेगळी मिळवून क्रमांकापुढे गाव आणि शाळा-खोली लिहून घ्यावी लागते. तीनशे ओळींचे हे काम दोन संध्याकाळचे आहे. पुढची जनगणना २०२७ ची, त्यानंतर पुनर्रचना आणि महिलांच्या राखीव जागा, म्हणजे आजची हद्द फार दिवस राहणार नाही. २०२४ चा नमुना २० आणि केंद्रांची यादी दोन्ही आत्ता सहज मिळतात. केंद्रांची यादी नव्या मतदार यादीबरोबर बदलली जाते, म्हणून ती आधी उतरवून घ्यावी.